विझर्ड की सॉर्सरर? माझ्या एका कोसळलेल्या प्रकरणाची गोष्ट

परवा होस्टेलच्या मेसमध्ये एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, बाल्डर्स गेट ३ सुरू करतोय. विझर्ड घेऊ की सॉर्सरर?" प्रश्न साधा होता. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि पोळी गार होईपर्यंत बोलत राहिले. कारण माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण याच प्रश्नावर उभं होतं आणि गेल्या वर्षी ते कोसळलं.

तुमच्यापैकी अनेकजण सध्या पेटच्या तयारीत आहेत किंवा सिनॉप्सिस लिहिताय. म्हणून या वेळी ठरवलं, की माझं प्रकरण का पडलं आणि त्या जागी काय उभं राहिलं, हे नीट सांगावं. व्हिडिओ गेमचा अभ्यास तुमचा विषय नसेल, तरी वाचा. चूक सगळ्या विषयांत सारखीच होते.

आधी गेमबद्दल थोडं

बाल्डर्स गेट ३ हा लॅरियन स्टुडिओज या बेल्जियन कंपनीचा गेम ऑगस्ट २०२३ मध्ये आला. तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर बेतलेला आहे. सुरुवातीला तुम्ही पात्र तयार करता आणि त्याचा क्लास निवडता. विझर्ड आणि सॉर्सरर दोघंही जादू करतात. त्यांच्या मंत्रांची यादी बरीचशी सारखी. आगीचा गोळा दोघंही फेकतात. फरक एवढाच, की ती जादू आली कुठून.

विझर्डची जादू अभ्यासातून येते. त्याच्याकडे मंत्रांची वही असते आणि त्याचा मुख्य गुण बुद्धिमत्ता. सॉर्सररची जादू जन्मजात. पूर्वजांत कुठेतरी ड्रॅगन होता, किंवा वादळाची, नाहीतर बेबंद जादूची शक्ती अंगात शिरली. त्याचा मुख्य गुण करिश्मा, म्हणजे व्यक्तिमत्त्वाची छाप.

माझा पहिला दावा

माझ्या पहिल्या मसुद्यातला दावा असा होता: हा गेम खेळाडूसमोर कमावलेलं ज्ञान आणि वारशाचं सामर्थ्य असे दोन पर्याय ठेवतो. विझर्डचा मार्ग लोकशाहीचा, सॉर्सररचा सरंजामी.

पुरावेही छान जमले होते. गेममधला तुमचा सोबती गेल हा विझर्ड, वॉटरडीप शहरातला, पुस्तकांत रमणारा. सोबत्यांमध्ये सॉर्सरर एकही नाही. पण 'डार्क अर्ज' नावाचं जे आधीच रचलेलं नायकपात्र आहे, ज्याच्या आत रक्तपाताची ओढ उसळत असते, त्याचा ठरवून दिलेला क्लास कोणता? सॉर्सरर! मला वाटलं, झालं काम. शिकलेला तो सोबती, रक्तात काहीतरी घेऊन आलेला तो धोका.

मॅडमनी मसुदा वाचला आणि एकच प्रश्न विचारला. "अगं, हे सगळं गेम *म्हणतो*. गेम *करतो* काय, ते कुठंय?"

मी गप्प. कारण माझे सगळे पुरावे वर्णनातले होते: क्लासची ओळख, संवाद, पात्रांच्या कथा. यातलं एकही वाक्य लिहायला मला गेम खेळायची गरज नव्हती. कादंबरीचं परीक्षण मलपृष्ठ वाचून लिहावं, तसं हे झालं होतं.

नियम वाचायचे म्हणजे काय

इयन बोगोस्टने 'पर्सुएसिव्ह गेम्स' (२००७) या पुस्तकात 'प्रोसीजरल ऱ्हेटरिक' ही कल्पना मांडली. सोप्या भाषेत, गेम शब्दांइतकाच त्याच्या नियमांतूनही युक्तिवाद करतो. तुम्हाला काय करू देतो, कशाची किंमत लावतो, कशासाठी बक्षीस देतो, यातून जगाबद्दलचं एक मत तयार होतं.

ही कल्पना मी प्रस्तावनेत मोठ्या थाटात मांडली होती. प्रकरणात मात्र एकदाही वापरली नव्हती. (सिद्धान्त प्रस्तावनेत पूजेला बसवायचा आणि पुढे विसरायचा, हा रोग आपल्याकडे सगळ्यांनाच असतो. तुमचा सिनॉप्सिस आत्ताच तपासा.)

मग मी वहीत दोन रकाने आखले आणि पहिला अंक दोनदा खेळले, एकदा विझर्ड घेऊन, एकदा सॉर्सरर. वर्णनं बाजूला ठेवली. फक्त नियम लिहायचे.

दोघांना मिळणारे मंत्रांचे स्लॉट, म्हणजे दिवसाला किती वेळा जादू करता येईल याची मोजणी, सारखेच. फरक मंत्रांच्या संख्येत. पाचव्या लेव्हलला विझर्डच्या वहीत आपोआप आलेले १४ मंत्र असतात. त्यातले लेव्हल अधिक बुद्धिमत्तेचा बोनस इतके तो एका वेळी तयार ठेवू शकतो. बुद्धिमत्ता १८ असेल तर बोनस ४, म्हणजे ९ मंत्र. लढाई सुरू नसेल तेव्हा ही निवड हवी तितक्या वेळा बदलता येते. त्याच लेव्हलच्या सॉर्सररला उपवर्गातून मिळणारी भर सोडली तर ६ मंत्र येतात, आणि लेव्हल वाढताना त्यातला एखादाच बदलता येतो.

सॉर्सररला त्या बदल्यात मेटामॅजिक मिळतं. पाचव्या लेव्हलला त्याच्याकडे ५ सॉर्सरी पॉइंट असतात. त्यातले ३ खर्चून तो वेग वाढवणारा 'हेस्ट' मंत्र एकाऐवजी दोन सोबत्यांवर टाकू शकतो. किंवा ३ खर्चून मंत्र इतका झटपट म्हणतो, की एकाच पाळीत आगीचे दोन गोळे. म्हणजे विझर्डकडे गोष्टी जास्त, सॉर्सररकडे थोड्याच गोष्टी वाकवण्याची मोकळीक.

इथपर्यंत माझा दावा शाबूत होता. पुढच्या ओळीला तडा गेला.

वहीची किंमत

विझर्ड वहीत नवे मंत्र उतरवून घेऊ शकतो. त्यासाठी त्या मंत्राचा स्क्रोल लागतो आणि मंत्राच्या दर पातळीमागे ५० सुवर्णमुद्रा लागतात. आगीचा गोळा तिसऱ्या पातळीचा, म्हणजे १५०. तुमच्या विशेष शाखेतला मंत्र असेल तर निम्मे, ७५. उतरवून घेतल्यावर स्क्रोल नष्ट होतो. आणि या गेममध्ये स्क्रोल कोणीही वापरू शकतं, अगदी तलवार चालवणारासुद्धा. त्यामुळे विझर्ड शिकतो तेव्हा बाकीच्यांच्या हातातलं एक साधन जातं.

म्हणजे 'अभ्यासाने कोणालाही मिळणारं ज्ञान' नियमांत उतरलं, की त्याचे तीन भाग होतात: मूळ प्रत हाताशी असणं, पैसे असणं, आणि इतरांनी आपला वाटा सोडणं. विझर्डच्या खेळातल्या माझ्या नोंदी पाहिल्या तर अर्ध्या दुकानदारांबद्दल होत्या. सॉर्सररच्या नोंदींमध्ये दुकानं जवळपास नव्हतीच. जे आहे त्यात भागवायचं, एवढंच.

मग यात सरंजामी कोण आणि लोकशाहीवादी कोण? निदान इतकं कळलं, की माझ्या शब्दांना नियमांचा आधार नव्हता.

ऐकलं कोणाचं जातं

दुसरा तडा करिश्म्याचा. गेममध्ये मन वळवणं, थाप मारणं, धमकावणं ही तिन्ही कौशल्यं करिश्म्यावर चालतात. बुद्धिमत्तेवर चालतात ती इतिहास, धर्म, जादूशास्त्र, तपास. आणि संवादात बहुतेक वेळा तुमचं मुख्य पात्रच पुढे असतं.

याचा परिणाम खेळताना जाणवतो. माझ्या विझर्डला गोष्टी माहीत असायच्या, पण समोरचा त्याचं ऐकेलच याची खात्री नसायची. सॉर्सररला माहीत काही नसायचं, पण गोब्लिनांच्या तळावरचा पहारेकरीसुद्धा त्याला वाट द्यायचा. माझ्या मसुद्यात ज्ञान आणि सामर्थ्य यांचा हिशेब होता, शब्दाला वजन कोणाच्या आहे याचा नव्हता. नियमांत मात्र तो पहिल्या पानावर आहे. मी रकाने आखले नसते तर तो मला कधी दिसलाच नसता.

शंभर मुद्रांचं रक्त

तिसरा तडा सगळ्यात मोठा. गेमच्या सुरुवातीच्या भागातच विदर्स नावाचं एक गंभीर, हाडकुळं पात्र भेटतं आणि तुमच्या छावणीत मुक्कामाला येतं. त्याला १०० सुवर्णमुद्रा दिल्या की तुमचा क्लास बदलून मिळतो. हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा.

आता विचार करा. विझर्डचा सॉर्सरर झाला, म्हणजे पूर्वजांत ड्रॅगन होता हे १०० मुद्रांत ठरलं. उद्या परत शंभर दिले की पूर्वज गायब. पण तुमचा वंश, म्हणजे तुम्ही एल्फ आहात की ड्वार्फ, हे विदर्स बदलून देत नाही. म्हणजे या गेममध्ये रक्त दोन प्रकारचं आहे. एक, जे नियम म्हणून पक्कं आहे. दुसरं, जे कथेत पक्कं आणि नियमांत सुटं आहे. सॉर्सररचं रक्त दुसऱ्या प्रकारचं.

इथे प्रामाणिकपणे उलटा पुरावाही शोधायला हवा. ड्रॅगनच्या वंशातल्या सॉर्सररला काही ठोस गोष्टी मिळतात. अंगावर खवले येतात, दर लेव्हलला एक जीवनबिंदू जास्त मिळतो आणि चिलखत नसताना संरक्षणाचा पाया १३ होतो. म्हणजे वारसा नियमांत आहेच की! पण विझर्ड 'मेज आर्मर' हा पहिल्या पातळीचा मंत्र टाकतो, तेव्हा त्याचाही पाया १३च होतो. ज्या आकड्याला एकीकडे 'पूर्वजांची देणगी' म्हटलंय, तोच आकडा दुसरीकडे पहिल्या धड्यात शिकवतात.

इतिहासानेही याला दुजोरा दिला. १९७४ च्या मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये सॉर्सरर हा क्लासच नव्हता, जादू करणारा 'मॅजिक-युझर' तेवढा होता. आधी मंत्र मनात भरायचा आणि वापरला की तो पुसला जायचा, ही त्याची पद्धत जॅक व्हान्सच्या कथांवरून घेतलेली. सॉर्सरर २००० साली तिसऱ्या आवृत्तीत आला. तेव्हा त्याचं वैशिष्ट्य मेटामॅजिक नव्हतं. विझर्डला कुठला मंत्र किती वेळा लागेल हे सकाळीच ठरवावं लागायचं, सॉर्सररला ते ऐनवेळी ठरवता यायचं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने ही मोकळीक विझर्डलाही दिली. मग सॉर्सररकडे वेगळं काय उरलं? म्हणून पूर्वी कोणालाही शिकता येणारं मेटामॅजिक आता त्याच्या नावावर झालं. रक्ताची कथा तीच राहिली, तिच्याखालचा नियम अख्खा बदलला.

पण थांबा

इतकं झाल्यावर मी नवा दावा लिहिला: 'अभ्यास ही या गेममध्ये कृती आहे, वारसा हे फक्त वर्णन.' मॅडम म्हणाल्या, "'फक्त' काढ, नाहीतर सिद्ध कर."

'फक्त' सिद्ध होईना. कारण वाइल्ड मॅजिकचा सॉर्सरर. तो मंत्र टाकतो तेव्हा मधूनच त्याच्या इच्छेशिवाय काहीतरी भलतंच घडतं. कधी फायदा, कधी आपल्याच लोकांवर संकट. इथे आतली शक्ती आपल्या ताब्यात नाही, हे वाक्य वाचावं लागत नाही, ते तुमच्यावर गुदरतं. हा एक उपवर्ग माझ्या सरसकट विधानाला पुरून उरला.

आणखी एक आक्षेप मिगेल सिकार्टचा. 'गेम स्टडीज' या जर्नलमधल्या २०११ च्या लेखात तो म्हणतो, की नुसते नियम वाचून गेमचा अर्थ ठरवणं म्हणजे खेळाडूला वगळणं. (हे जर्नल सगळ्यांना मोफत वाचता येतं. लॉगिन मागत नाही, जरूर वाचा.) त्याचं म्हणणं माझ्या बाबतीत खरं ठरलं. विदर्स कुठे असतो हे माहीत असूनही सॉर्सररच्या खेळात मी एकदाही त्याच्याकडे गेले नाही. एक मंत्र चुकीचा निवडला होता, तो तसाच घेऊन खेळले. नियम म्हणत होता 'बदल', मी म्हणत होते 'नको, ही माझी सॉर्सरर आहे.' म्हणजे नियमाने सुटं ठेवलेलं रक्त मी खेळाडू म्हणून घट्ट धरलं होतं. हे नोंदवल्याशिवाय प्रकरण पूर्ण होणार नव्हतं.

आता दावा असा आहे: बाल्डर्स गेट ३ अभ्यासाला कृती आणि खर्च यांच्या रूपात मांडतो. वारसा तो बहुतेक ठिकाणी वर्णनावर सोडतो, वाइल्ड मॅजिकचा अपवाद सोडून. तो वारसा खरा मानायचा की नाही, हे खेळाडूवर येतं. पहिल्या दाव्याइतका हा झोकदार नाही. पण याच्या प्रत्येक शब्दाखाली मला बोट ठेवता येतं.

मला विझर्डच का जिंकायला हवा होता

हे प्रबंधात येणार नाही, इथे सांगते. पहिला दावा मला इतका पटला, त्याचं कारण गेममध्ये नव्हतं. विद्यापीठापर्यंत पोचलेली आमच्या घरातली मी पहिली. एका मुलाखतीत मला विचारलं होतं, "घरात लिहिण्या-वाचण्याची परंपरा आहे का?" आपल्याकडे 'तिच्या रक्तातच गाणं आहे', 'त्याच्या घराण्यातच विद्या आहे' ही वाक्यं कौतुक म्हणून बोलली जातात. ज्याच्या घराण्यात नाही, त्याला ती कशी ऐकू येतात, ते मला माहीत आहे. म्हणून पुस्तकातून शिकणारा विझर्ड मला माझा वाटला आणि तो जिंकावा असं वाटलं.

त्या नादात वहीची किंमत मला दिसली नाही. खरं तर दिसायला हवी होती. माझी पुस्तकं फुकट आली नव्हती. मी एमए करत होते तेव्हा भावाने बारावीनंतर नोकरी धरली होती. स्क्रोल एकच होता आणि तो मी वापरला. 'मी अभ्यासाने इथे आले' हे खरंच आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मला गेमच्या एका रुक्ष नियमाने दाखवलं.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. एखादा दावा फार लवकर पटला, तर तो तुम्हाला का हवा आहे हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. आपली बाजू असणं हा गुन्हा नाही. ती ओळखली नाही तर पुरावा आपणच निवडून घेतो आणि आपल्याला कळतही नाही. मग दावा मोडेल असं उदाहरण मुद्दाम शोधायला जा. माझ्या बाबतीत ते वाइल्ड मॅजिक निघालं. तुमच्या विषयातही एखादं असेलच.

हां, त्या ज्युनिअरचं उत्तर राहिलं. त्याला म्हटलं, "गेल तुझ्या गटात येणारच आहे, म्हणजे विझर्ड आयता मिळाला. तू सॉर्सरर घे, संवादातही कामाला येईल. दरवेळी नव्याने योजना आखायची हौस असेल तरच स्वतः विझर्ड हो, पण मग पैसे जपून ठेव."

"आणि पस्तावलो तर?"

"शंभर मुद्रा दे आणि बदल. पण आधी आठवडाभर तसाच खेळ. आणि का बदलावंसं वाटलं, ते लिहून ठेव."

"ताई, मला फक्त गेम खेळायचाय," तो म्हणाला आणि ताट उचलून गेला.